मेहरू आपाचं नवं अंग

माझ्या ओळखीत एकच बाई अशी होती, जिच्याशेजारी उभं राहिलं की मी बारीक दिसायचे. ती म्हणजे मेहरू आपा. आमची मैत्री पुढं पुष्कळ वाढली, तिच्यात खरी माया आली, पण सुरुवात ह्या एका गोष्टीनं झाली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ते माहीत असावं.

अहमदपूरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला मी बदलून आले, तेव्हा माझं वजन ब्याण्णव किलो होतं. नव्या गावात सगळ्यात आधी मला शिंपीण शोधावी लागते. दुधवाला, किराणा नंतर. तोवरच्या सगळ्या शिंपिणींनी एकच केलं होतं : टेप माझ्याभोवती फिरवायचा आणि आकडा मोठ्यानं ओरडायचा. दुकानातल्या दुसऱ्या बायका मग वळून बघायच्या. बाजारामागच्या गल्लीत, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलेल्या मेहरू आपानं तसलं काही केलं नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, पाठ फिरवायला सांगितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

मी विचारलं, "टेप नाही लावणार?"

"टेप खोटं बोलतो, बाई. मानूस श्वास धरून उभं ऱ्हातं, टेप दोन बोटं चोरतो."

ब्लाउज असा बसला की मी तो घालून दिवसभर विसरून गेले. जाड बाईला कपडा विसरता येणं म्हणजे काय असतं, ते जाड बाईलाच ठाऊक.

आपा स्वतः एकशे चौदा किलोची होती. गोरीपान, नाकात चमकी, तोंडात सदा बडीशेप. तिच्यासाठी तिच्या नवऱ्यानं, यासीन भाईंनी, खास लोखंडी खुर्ची जोडून घेतली होती. यासीन भाई चौकात घड्याळं दुरुस्त करायचे. इतके हडकुळे आणि अबोल, की दोघं बरोबर निघाली की लोकांना आधी आपा दिसायची आणि बऱ्याच वेळानं यासीन भाई. आपा कुणाच्या घरी गेली की बसायच्या आधी खुर्चीवर तळहात दाबून बघायची. दारातून आडवी होऊन शिरायची. टमटममध्ये चढताना चालकाला सांगायची, तिसरं कोणी घेऊ नको, आम्ही दोघी म्हणजे चौघी. हे ती इतकं सहज म्हणायची की हसणाऱ्याचं हसू आधीच संपून जायचं. मला ते जमत नसे. मी आयुष्यभर पदर ओढून, पोट आत घेऊन, फोटोत मागच्या रांगेत उभी राहिले. तिच्याबरोबर असताना मात्र मीही पुढं उभी राहायचे.

पहिलं वर्षभर मी तिला अहोजाहो करत होते. एक दिवस ती म्हणाली, "आपा म्हनता अन् वर अहो म्हनता. एक काय ते करा." मग मी तिला अगं म्हणायला लागले. ती मला शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिली. मास्तरीणबाईला अगंतुगं केलं तर हात झडंल, असं तिचं म्हणणं.

तिच्या दुकानातला एक प्रसंग मी विसरलेले नाही. जळकोटकडची एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगी अंगानं भरलेली, मान खाली घालून उभी. आई सांगत होती की ब्लाउज असा आवळून शिवा की पोरगी दोन माप कमी दिसली पाहिजे. आपानं आईला समोरच्या हॉटेलात चहा प्यायला धाडलं आणि मुलीला आपल्या लोखंडी खुर्चीवर बसवलं. तिच्याशी ती कॉलेजबद्दल, मैत्रिणींबद्दल बोलत राहिली आणि बोलता बोलताच डोळ्यांनी माप घेतलं. आई परत आल्यावर तिला एवढंच म्हणाली, "कपडा आंगाला शिवायचा असतो, ताई. आंग कपड्याला न्हाई." ब्लाउज तिनं मुलीच्या मापाचाच शिवला, शिवाय आत दोन बोटं माया सोडली, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, पुढं लागलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. ते स्थळ जमलं की नाही, मला ठाऊक नाही. ती मुलगी मात्र नंतर दर दिवाळीला एकटीच यायची, कापड घेऊन.

मग आपाचे गुडघे गेले. मशीनचं पायडल मारता येईना, जिना चढता येईना. यासीन भाई तिला नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं पुढं बघू, आधी वजन उतरवा. त्यांनी गोळ्या दिल्या, खाण्याचा कागद लिहून दिला, रोज चालायला सांगितलं. आपाची मुलगी सना नांदेडलाच दिलेली. तिनं तो कागद आपाच्या मशीनच्या वर भिंतीला चिकटवला.

आपा मला म्हणाली, आपण दोघींनी मिळून करू. मी आनंदानं हो म्हटलं. सकाळी साडेपाचला आम्ही मार्केट यार्डाच्या मोकळ्या मैदानात चालायला लागलो. मी नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शाळेत परीक्षेचं काम होतं, अकराव्या दिवशी पाय दुखला, बाराव्या दिवसापासून कारण शोधायचंही मी सोडून दिलं. मला वाटलं होतं, आपाही महिनाभरात सोडेल. त्या एका भरवशावर मी निश्चिंत होते.

तिनं सोडलं नाही. दोन भाकरीची एक झाली, एकीची अर्धी झाली. चहातली साखर गेली. ईदेला घरभर शीरखुर्म्याचा वास, डबा भरून मला पाठवला, आणि स्वतः चमचाभर चाखला तो गोडी बघायला. सहा महिन्यांत तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. वर्षात हनुवटीखालची घडी गेली. ती पायडल पुन्हा मारायला लागली. मी दर आठ दिवसांनी जायचे आणि दर वेळी दारातच मला कळायचं की आणखी थोडी गेली.

मला आनंद झाला नाही. लिहायला लाज वाटते, पण झाला नाही. आमच्या शाळेतल्या बारीक बाईंचा मी कधी हेवा केला नव्हता. त्या माझ्या जगातल्याच नव्हत्या. आपा माझ्यातली होती, माझ्याहून चार पावलं पुढची होती, आणि ती मला मागं टाकून उलट्या दिशेला निघाली होती. आता दोघींत जाड मीच होते. टमटमवाला आता तिच्याकडं बघून जागा करत नसे, माझ्याकडं बघून करी.

त्या होळीला मी पुरणपोळ्या केल्या. पाच पोळ्या, वर वितळलेलं तूप, वेगळ्या वाटीत आणखी तूप, असं घेऊन मी आपाकडं गेले. तिला पुरणपोळी किती आवडते, मला माहीत होतं. पूर्वी ती तीन खायची. मी समोर बसून राहिले, ती खाते का ते बघत. तिनं एका पोळीचा चतकोर तोडला, सावकाश चावला, डोळे मिटले, आणि लई चांगली झाली म्हणाली. उरलेल्या पोळ्या तिनं शेजारी वाटल्या. मी घरी येऊन उरलेलं पुरण चमच्यानं खाल्लं.

गावात बोलणंही सुरू झालं होतं. शाळेत बायका मला विचारायच्या, तुमच्या त्या शिंपिणीला काय झालं, आत काही निघालं का. मी म्हणू शकले असते की काही निघालं नाही, ती रोज तासभर चालते आणि अर्धी भाकरी खाते. मी म्हणायचे, काय माहीत बाई.

पण आपाला स्वतःला मात्र काही दिसत नव्हतं. ती अजून दारातून आडवी शिरायची, दोन्ही बाजूंना हातभर जागा उरायची तरी. खुर्चीवर तळहात दाबूनच बसायची. एसटीत माझ्याशेजारी बसली तर अंग चोरून, खिडकीला चिकटून बसायची, आणि आमच्या दोघींत एक शाळकरी मुलगी मावेल इतकी जागा राहायची. दुकानात गिऱ्हाइकांसाठी उंच आरसा होता, त्याच्यासमोरून जाताना ती मान वळवायची. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, त्यात कोन तरी दुसरीच बाई फिरून राहिली, तिची अन् माझी वळख न्हाई.

दुसऱ्या ईदेला तिनं स्वतःसाठी मोरपंखी कापडाचा ड्रेस शिवला. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं डोळ्यांनी घेणाऱ्या बाईनं स्वतःचं माप आठवणीतून घेतलं, जुनं. नांदेडहून आलेल्या सनानं आईला त्या ड्रेसमध्ये बघितलं आणि तिला हसू आवरेना. अम्मी, यात तू आणि मी दोघी मावतो, असं ती म्हणाली आणि पाठीमागून सगळं जास्तीचं कापड मुठीत धरून दाखवलं. आपा म्हणाली, कापड ढिलं पडलं. सना सांगत होती, अम्मी तू अर्धी झालीस. आपा म्हणाली, पोरीला आई कशीबी चांगलीच दिसते.

सना परत गेल्यावर दोन दिवसांनी आपानं मला बोलावून घेतलं. दुकानाचं दार लोटलं, माझ्यासमोर उभी राहिली, हात बाजूला सोडले. तिच्या अंगावर तोच मोरपंखी ड्रेस होता, खांद्यावरून घसरणारा.

"बाई, घरचे मला बरं वाटावं म्हनून बोलतात. गल्लीतल्या बाया दुखनं शोधतात. तुम्ही शिकल्यासवरलेल्या, तुम्ही तोंडावर खरं सांगता. मी बारीक झाले का?"

मी तिच्याकडं बघितलं. गळ्याचं हाड, मनगटावर सैल झालेल्या बांगड्या, सरळ उभी पाठ. पन्नाशीतली एक देखणी बाई माझ्यासमोर उभी होती. तिला एकटीलाच ते माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं माझ्या हातात होतं.

"थोडीशी," मी म्हटलं. "फारसा फरक नाही पडला, आपा. चेहरा मात्र उतरलाय."

तिनं मान हलवली. "मला बी तसंच वाटून राहिलं," म्हणाली, आणि दार उघडून मशीनवर जाऊन बसली. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिला वाईट वाटलं नाही, उलट एक शंका फिटली. मी चहा पिऊन घरी आले. त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

पुढच्या दोन महिन्यांत आपानं रात्रीची अर्धी भाकरीही सोडली. मग दुपारची सोडली. चालणं दोन वेळचं केलं. मी हे सगळं बघत होते आणि काही बोलत नव्हते. एका दुपारी यासीन भाई शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले. ते कधी शाळेत आले नव्हते. आपा मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडली होती, कपाळ मशीनच्या कडेला लागलं होतं. आम्ही तिला गाडी करून आधी गावातल्या दवाखान्यात आणि मग नांदेडला नेलं. कपाळाला तीन टाके पडले. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याचं वजन मला लागलंही नाही.

मी रात्रीच्या आत परत आले, शाळा होती. दुसऱ्या दिवशी सनाचा फोन आला. डॉक्टर फार रागावले होते. अंगात रक्त नाही, वजन केव्हाच पुरेसं उतरलं होतं, मग हे पोट मारणं कशासाठी, असं त्यांनी आपाला विचारलं. सना म्हणाली, "मावशी, अम्मीनं सांगितलं की आमच्या बाई म्हणाल्या फारसा फरक नाही पडला. तुम्ही असं म्हणाला होता का?"

मी म्हटलं, मी येते.

अहमदपूरहून नांदेडला जायला दोनेक तास लागतात. वाटेत मी वेगवेगळी वाक्यं तयार केली. मी गमतीनं म्हटलं होतं. मला तुझी काळजी वाटत होती. नजर लागू नये म्हणून. नांदेड येईपर्यंत एकही वाक्य धड उरलं नाही.

आपा सनाच्या घरी पलंगावर पडली होती, कपाळाला पट्टी. मला बघून उठून बसली, सनाला चहा टाकायला सांगितलं. सना आत गेली आणि मी बोलून टाकलं. मी खोटं बोलले. तू अर्धी झाली होतीस, छान दिसत होतीस. मला ते बघवलं नाही.

आपा बराच वेळ चादरीची दशी ओढत राहिली. मग तिनं विचारलं, कवापासनं. मी म्हटलं, पुरणपोळीच्या आधीपासून.

"पुरनपोळीचं मला कळलं होतं," ती म्हणाली. "ते माफ. मी बी कधी कुनाचं बघून जळलेच असंन. पन बाई, माझ्यापाशी माझे डोळे नव्हते, म्हनून तुमचे मागितले. तुम्ही तेच खोटे दिले."

एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. सना चहा घेऊन आली तेव्हा मी चपला घालत होते.

त्यानंतर आठ-नऊ महिने आमचं बोलणं नव्हतं. आपा आणि यासीन भाई नांदेडलाच राहिले. अहमदपूरच्या खोलीला कुलूप लागलं. मीही नोकरी संपवून लातूरला भावाच्या शेजारी राहायला गेले. तिथं नवी शिंपीण शोधली. ती माझ्याभोवती टेप फिरवताना आकडा मोठ्यानं वाचायची आणि मी मुकाट उभी राहायचे. आपली शिक्षा आहे असं समजून.

एक दिवस सनाचा निरोप आला. अम्मी म्हणतेय, बाईंच्या दोन ब्लाउजचं कापड माझ्याकडं पडून होतं, ते शिवून झालंय, येऊन घेऊन जा. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

सनाच्या घराजवळच एका खोलीत आपानं पुन्हा मशीन टाकलं होतं. ती मशीनवर होती. अंगावर थोडं मांस आलं होतं, गालांवर रंग होता. कपाळावर टाक्यांची बारीक रेघ. तिनं ब्लाउज माझ्या हातात दिले आणि घालून बघायला सांगितलं. मी आत जाऊन घातला. नेमका बसला. मी बाहेर आले तर म्हणाली, चार बोटं वाढवून शिवलंय. मला बघितल्याशिवाय कसं कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, मनाला खात असलं की मानूस खातं. मग आम्ही दोघी हसलो. पहिल्यासारख्या नाही, जरा जपून.

मशीनमागच्या भिंतीवर खाकी कागद जोडून लावलेला होता, माणसाच्या उंचीचा. त्यावर खडूनं एका बाईची बाह्यरेषा काढलेली. मी बघतेय हे आपाच्या लक्षात आलं. तिनं सांगितलं की ही सनाची अक्कल. एका शुक्रवारी सनानं तो कागद फरशीवर पसरला, आईला त्याच्यावर निजवलं आणि शिवणाचा खडू तिच्या अंगाच्या कडेकडेनं फिरवला. आपा उठून उभी राहिली, कागदाकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, हे कोनाचं. आपा पुन्हा त्या रेघांच्या आत जाऊन निजली, पुन्हा उठली. असं तिनं चारदा केलं. मग रडली. मग त्या रेघेवरून स्वतःसाठी कापड बेतलं.

"आता रोज सकाळी बघते तिच्याकडं," आपा म्हणाली. "आंग गेलं, पन आंगाची सवय न्हाई गेली. कालच दारातून आडवी शिरले. पन वळख वाढून राहिली."

तिच्या अंगावरचा ड्रेस त्या रेघेवरून बेतलेलाच असावा. जांभळा, साधा, खांद्यावर चोख बसलेला. तिला शोभत होता. मी ते तिला सांगितलं. छान दिसतेस, असं म्हटलं. तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं, कापड हातात घेऊन त्याचा पोत तपासावा तसं, आणि मान हलवून "हाव," म्हणाली, म्हणजे हो.

परत निघताना ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मी रिक्षात बसले, तिनं हात हलवला, आणि रिक्षा निघाली. वळणाच्या अलीकडं गर्दीत रिक्षा हळू झाली तेव्हा मागून कोणी बाई, बाई अशी हाक मारतंय असं वाटलं. मी मागं बघितलं. आपा धावत येत होती. माझा चष्मा तिच्या मशीनवर राहिला होता, तो एका हातात उंच धरलेला, दुसऱ्या हातात ओढणी गोळा केलेली, भाजीच्या गाड्याला वळसा घालून, सायकलवाल्याला चुकवून, रस्त्याच्या मधोमध धावत. मी रिक्षा थांबवायला सांगितलं. तिनं चष्मा माझ्या हातात दिला. तिला दम लागला होता. ती मान खाली घालून आपल्या पायांकडं बघत राहिली, मग आपण आलो त्या रस्त्याकडं बघितलं, किती लांबून आलो ते मोजल्यासारखं, आणि पुन्हा पायांकडं.

रिक्षा सुटली. मी चष्मा घालून मागं बघितलं. ती अजून रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि शेजारच्या भाजीवालीला पाय दाखवून काहीतरी सांगत होती, हसत होती. मला तिचा हेवा वाटला. पहिल्यापेक्षा जास्तच वाटला. ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले.